रोबोट येऊ द्या, पण डेडस्टॉकमध्ये नको

वाचकाचा प्रश्न

दक्षिण नागपुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून सारांश देतो. पंचवीस वर्षांपूर्वी दहावी झालेल्या बॅचनं स्नेहमेळाव्यात चार लाख रुपये गोळा केले. त्यातून शाळेला रोबोटिक्स लॅब द्यायची आणि 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, उद्घाटन करायचं ठरलं. एका कंपनीचं कोटेशनही आलं: तीस किट, भिंतींवर चित्रं, शिक्षकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण. मुख्याध्यापकांनी जबाबदारी या बाईंवर टाकली. त्या लिहितात, "मला रोबोटिक्समधलं काही येत नाही. आधीच पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं आणि बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम माझ्याकडे आहे. आमची मुलं ई-रिक्षावाल्यांची, धुणीभांडी करणाऱ्या बायांची. साधा भागाकार जमत नाही त्यांना, रोबोट काय करतील? शाळेतली संगणक खोली चार वर्षं बंद आहे, हिचंही तेच होणार. बैठकीत हे बोलले तर 'मॅडम निगेटिव्ह आहेत' असं ठरलं. नाही म्हणू, की गप्प सही करू?"

उत्तर

ताई,

नाही म्हणू नका. आणि त्या कोटेशनवर सहीही करू नका, निदान या महिन्यात तरी.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडलो. "संगणक खोली चार वर्षं बंद आहे." मे महिन्यात ऊन असतं, इतक्या सहज तुम्ही हे लिहून पुढे गेलात. ती बंद का पडली, ते पत्रात कुठेच नाही. संगणक बिघडले? वीजबिल थकलं? शिकवणारे बदलून गेले? माझा अंदाज निराळा आहे, आणि तो माझ्याच पापावरून बांधलाय.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचो. प्रयोगशाळेचा चार्ज माझ्याकडे. एका वर्षी आठ नवे सूक्ष्मदर्शक आले. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद झाली, क्रमांक पडले, खाली माझी सही. त्या सहीचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. काच फुटली, स्क्रू हरवला, तर ऑडिटला उत्तर मी द्यायचं. मग काय, खोक्यांसकट वरच्या कप्प्यात. वर्षातून एकदा तपासणी आली की खाली काढायचे, फडक्यानं पुसायचे, परत वर. मुलांनी कांद्याच्या पेशीची आकृती पुस्तकातून जर्नलमध्ये उतरवली आणि मी लाल शाईनं 'पाहिले' असं लिहिलं. निवृत्तीच्या वेळी चार्ज देताना खोकी उघडली, तर आठांतल्या सहांच्या भिंगांवर बुरशी. एकही फुटला नव्हता. रजिस्टर मात्र आरशासारखं स्वच्छ.

मुलांना गोडी नाही, शिक्षकाला येत नाही, अशी कारणं आपण देतो. मी पाहिलेल्या बहुतेक बंद खोल्यांच्या कुलपामागे 'मोडलं तर भरून कोण देणार' हा एकच प्रश्न होता. चार वर्षांपूर्वी तुमच्या संगणक खोलीत काय झालं ते एकदा शिपायाला विचारा. त्याला नक्की ठाऊक असेल.

म्हणून माजी विद्यार्थ्यांकडे पहिली मागणी करा ती मोडतोडीच्या पैशांची. संस्थेचा एक ठराव करून घ्या: टेबलं, कपाट, लॅपटॉप, ड्रिल मशीन एवढंच डेडस्टॉकला चढेल, मोटर, सेन्सर, वायर, एलईडी, बोर्ड हे सगळं उपभोग्य साहित्याच्या नोंदवहीत, खडू-डस्टरसारखं. जे डेडस्टॉकला जाईल त्याचं निर्लेखन, म्हणजे मोडकं नोंदीतून कमी करणं, दरवर्षी मार्चमध्ये, तुंबवायचं नाही. आणि खोलीत दारापाशी एक दोनशे पानी वही टांगा. मोडतोड वही. ज्याच्या हातून जे जळलं, तुटलं, त्यानं तारीख टाकून लिहायचं: काय करत होतो, काय झालं, वास कसा आला. शिक्षा नाही, दंड नाही. वर्षअखेर ती वही पाहुण्यांना दाखवा. कोरी निघाली तर काळजी करा.

पैशांची विभागणी मी अशी करीन. दीड लाखात खोलीची वायरिंग, टेबलं, हत्यारं आणि पहिलं साहित्य. दरवर्षी वीस हजार खर्चाच्या साहित्यासाठी, चार वर्षांचे झाले ऐंशी हजार. पॉलिटेक्निकचा किंवा आयटीआयचा एखादा विद्यार्थी आठवड्यातून दोनदा येईल, त्याला महिन्याला तीन हजार. वर्षाचे दहा महिने, चार वर्षं, म्हणजे एक लाख वीस हजार. उरलेले पन्नास हजार हात न लावता ठेवायचे. बॅचवाले म्हणतील, एवढा पैसा नुसता ठेवून द्यायचा? त्यांना सरकारी उदाहरण द्या. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशननं 2016 पासून शाळांना टिंकरिंग लॅब, म्हणजे हातानं करून पाहायच्या खोल्या, द्यायला सुरुवात केली. शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, त्यातले दहा उभारणीला आणि दहा पुढच्या पाच वर्षांच्या चालवण्याला. खोली चालवायला ती उभारण्याइतकाच पैसा लागतो, हे सरकारनंसुद्धा कागदावर मान्य केलंय. (कागदावरचं प्रत्यक्षात किती उतरतं तो वेगळा विषय, त्यावर पत्र आलं तर लिहीन.)

आता ते वाक्य, ज्यावर तुमच्याशी जरा भांडायचंय. "आमची मुलं ई-रिक्षावाल्यांची. रोबोट काय करतील?"

ताई, ई-रिक्षावाल्याच्या पोराला एकसर जोडणी तुमच्या पुस्तकाआधी कळलेली असते. सहसा बारा-बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या सीटखाली असतात, सगळ्या एकामागे एक जोडलेल्या, मिळून 48. त्यातली एक 'बसली' की बाकीच्या तीन धडधाकट असूनही गाडी पुलाच्या चढावर दम टाकते. हे त्यानं बापासोबत पाहिलंय, रात्री चार्जिंगला लावताना हात दिलाय. तुम्ही फळ्यावर V = V₁ + V₂ लिहिता तेव्हा ते आणि सीटखालचं ते एकच, एवढंच कुणी त्याला सांगितलेलं नाही. कूलरचा पंप अडकला की काडीनं पंखा फिरवून सुरू करणारी मुलं तुमच्या वर्गात किती आहेत, हात वर करायला सांगा. मग मला कळवा.

आणि भागाकार. 9 व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी. एलईडीला साधारण 2 व्होल्ट लागतात, उरले 7. प्रवाह 20 मिलिअँपिअर हवा. किती ओहमचा रेझिस्टर लावायचा? सात हजार भागिले वीस. उत्तर 350, दुकानात 330 चा मिळतो नाहीतर 390 चा. फारच कमी ओहमचा लावला तर एलईडी एकदा झगमगून कायमचा जातो. दोन रुपयांचं नुकसान, पण ते डोळ्यांदेखत होतं. भागाकार जमत नाही म्हणून या मुलांना खोलीबाहेर ठेवायचं, म्हणजे पोहता येत नाही म्हणून तलावावर जाऊ न देणं. ज्यांना भागाकार येतो ती मुलं पुस्तकातूनही शिकतील. खोली या दुसऱ्यांना जास्त लागते.

"मला येत नाही" याचं मला वाटतं तेवढं ओझं घेऊ नका. रविवारी माझ्या गच्चीवर मोहल्ल्यातली पाच-सहा पोरं येतात. एका फेब्रुवारीत आम्ही संत्र्याची बॅटरी करायला घेतली. एका बाजूनं जस्ताचा मुलामा दिलेला खिळा, दुसऱ्या बाजूनं खरवडलेली तांब्याची जाड तार. मल्टिमीटरनं 0.9 व्होल्ट दाखवले. तीन संत्री एकामागे एक जोडली, 2.7 झाले. गणितानं लाल एलईडी पेटायला हवा. "सर, हे पेटूनच नाही राहिलं." एकानं एलईडीचे पाय उलटे करून पाहिले. नाही. सातवीतल्या एका मुलीनं एलईडी जोडलेला असतानाच परत मोजलं, तर आकडा धाडकन खाली आलेला. का? वीस मिनिटं भांडण. मला उत्तर माहीत होतं, दोनदा ओठांवर आलं, दोन्ही वेळा मी उठून पाण्याचा माठ तपासायला गेलो. शेवटी त्या मुलीनं एक संत्रं सोलून पाहिलं. म्हणाली, "खिळा एका फोडीत आहे अन् तार तिसऱ्या फोडीत. मधात सालटं आहेत." मग दोन्ही एकाच फोडीत रोवले, जवळजवळ, पण एकमेकांना न चिकटू देता. संत्रं जमिनीवर दाबून लोळवलं, आतला रस मोकळा झाला. तीनावर भागलं नाही म्हणून चौथं जोडलं. एलईडी पुन्हा सुलटा केला. टॉवेलखाली डोकी घालून पाहिलं तर लाल ठिपका, उदबत्तीच्या टोकाएवढा. "पेटलं बे!"

त्यानंतर एकानं विचारलं, संत्र्यात करंट असते तर खाताना झटका का नाही लागत? मी उत्तर दिलं नाही. दोन सारखेच खिळे लावून पाहा म्हटलं. आकडा शून्याला टेकला. म्हणजे वीज संत्र्यातली नव्हतीच, ती दोन धातूंमधल्या फरकाची होती आणि झिजत होतं ते जस्त. त्या दिवशी मी शिकवलं फारच थोडं. दोनदा माठाकडे गेलो, हेच काय ते माझं योगदान. हे तुम्हालाही जमेल, कदाचित मला जमलं त्याहून बरं, कारण तुम्हाला उत्तर खरंच माहीत नसेल आणि माठाकडे जायची गरज पडणार नाही.

या पद्धतीला आपल्या शेजारीच चांगला मोठा इतिहास आहे. नागपूरहून इटारसीच्या पुढे गेलं की लागतं होशंगाबाद, आताचं नर्मदापुरम. तिथे 1972 साली सोळा उच्च प्राथमिक शाळांत एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे तो जिल्हाभर पसरला. चार-चार मुलांच्या टोळ्या, स्वस्तातलं किट, पुस्तकात उत्तरं नाहीत, परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा. शिक्षक गावातलेच, तुमच्या-माझ्यासारखे. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या जोडून आकार बनवण्याचा, विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांचा खेळ तिथल्याच मुक्कामातला. 2002 मध्ये सरकारनं कार्यक्रम बंद केला. पण तीस वर्षं तो रोबोटशिवाय चालला, हे बैठकीत सांगण्यासारखं आहे.

म्हणजे रोबोट नको? तसं नाही. तंत्रज्ञान हवंच, फक्त ते मुलांच्या प्रश्नामागून यावं. आपल्याकडे प्रश्नांना तोटा नाही. एप्रिलच्या दुपारी कूलर थंडगार हवा देतो आणि जुलैत तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो, का? दोन थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळा, दोन्ही पंख्यासमोर धरा. कोरड्या दुपारी दोन्ही आकड्यांत पंधरा अंशांहून जास्त फरक पडलेला दिसेल, भर पावसाच्या दिवशी जेमतेम दोन-तीन. रोज अकराला आणि तीनला नोंद करायचा मुलांना कंटाळा आला की मग आर्डुइनो बोर्ड (सूचना लिहून चालवता येणारं छोटं सर्किट) आणि शे-दीडशे रुपयांचा डीएचटी-11 सेन्सर काढा, तो तापमान आणि आर्द्रता आपसूक मोजेल. इथे एक गंमत होते. या सेन्सरचा आर्द्रतेचा भरवसा 20 टक्क्यांपासून पुढे. आपल्या एप्रिलच्या दुपारी हवा त्याहून कोरडी असू शकते. म्हणजे यंत्र जो आकडा दाखवील तो खोटा असण्याची शक्यता, आणि ते पकडणार ओल्या मलमलीचा थर्मामीटर! पडद्यावर आलेला आकडा तपासून घ्यायचा असतो, हे सहावीतल्या पोराला यापेक्षा स्वस्तात कुठे कळणार? वर्षभर असं झालं की चाकांवर पळणारी गाडी करायची हौस मुलंच धरतील. तेव्हा आणा रोबोट.

कंपनीला फोन करून मात्र चार गोष्टी विचारा. मोटर जळली तर तशीच सीताबर्डीतल्या दुकानात मिळते का, की तुमच्याकडूनच मागवावी लागेल? किट तुमच्या ॲपशिवाय चालतं का? दुसऱ्या वर्षी ॲपचे पैसे पडतात का? सूचना मराठीत आहेत का? उत्तरं ऐकून तुमचं तुम्हालाच कळेल. तीस किट कशासाठी, तेही विचारा. साठांच्या वर्गाला चार-चारच्या टोळीनं पंधरा पुरतात. भिंतीवरच्या अंतराळवीराला एक पैसा देऊ नका.

बॅचवाल्यांशी तुमचं बिनसलं, पण ते तुमचे विरोधक नाहीत. पंचवीस वर्षांनी शाळेची आठवण येऊन खिशात हात घालणारी माणसं आहेत. त्यांना फीत कापायची आहे, फोटो हवा आहे, यात गैर काय? नकार देण्याऐवजी त्यांना एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, तासभर बोलवा. खोलीत चार टेबलं, वर संत्री, खिळे, मल्टिमीटर (दोन-अडीचशेत साधा येतो), आणि प्रत्येक टेबलाशी चार मुलं. भाषण करू नका. त्यांनाही एलईडी पेटवू द्या. मग विचारा, तुमच्यातले दोन-दोन जण वर्षातून दोन शनिवार देतील का? त्या ग्रुपमध्ये हिंगणा एमआयडीसीत काम करणारा असेल, एसी दुरुस्त करणारा असेल, शिवणयंत्र चालवणारी असेल. मेळाव्यात मागच्या खुर्चीवर बसलेल्यांना आधी विचारा. शाळेत ज्यांना 'ढ' म्हटलं त्यांच्या हातात बहुतेक वेळा जास्त हुनर असतो.

28 फेब्रुवारीची तारीखही राहू द्या. त्या दिवशी घरातल्या बंद पडलेल्या वस्तू आणायला सांगा: टॉर्च, रिमोट, कूलरचा पंप, खेळण्यातली गाडी. उघडून पाहायच्या, जमलं तर जोडायच्या. जुना डबा टीव्ही, मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर मात्र दारातूनच परत पाठवा. प्लग काढल्यावरही त्यांच्या आत जीवघेणा भार साठून असू शकतो. भिंतीतल्या 230 व्होल्टवर मुलांचा एकही प्रयोग नको, सगळं बारा व्होल्टच्या आत. सोल्डरिंग खिडकीपाशी, डोळ्यांवर चष्मा, नंतर हात धुणं. बाकी बारीकसारीक चटके बसतील. बसू द्या. ज्यांच्या नावे हा दिवस पाळतो ते रामन तरुणपणी सरकारी हिशेब खात्यात होते, त्या नोकरीत थोडा काळ आपल्या नागपुरातही होते, आणि कलकत्त्यात संशोधन करायचे ते कचेरीच्या आधी आणि नंतर. डेडस्टॉक म्हणजे काय, हे त्यांना आपल्याइतकंच ठाऊक असणार.

तुमच्या वेळेचं बोलायचं राहिलं. बीएलओचं काम मुख्याध्यापकांच्या हातात नाही, ते सुटणार नाही. पोषण आहाराच्या नोंदी मात्र दुसऱ्या कुणाकडे देता येतात. खोलीची जबाबदारी घेते, पण या नोंदी माझ्याकडून काढा, असं लेखी द्या. तोंडी नको. 'मॅडम निगेटिव्ह आहेत' हे म्हणणं अशा अर्जापुढे टिकत नाही, कारण अर्जाची पहिली ओळ 'घेते' अशी असते. खोली आठवड्यातून दोनच दिवस उघडा, पण ते दोन दिवस पोळा असो की पाहुणे, चुकवू नका. किल्ली नववीतल्या दोघांकडे, एक मुलगी एक मुलगा, दर महिन्याला बदलून. मुलीचा आग्रह मुद्दाम धरतोय. नाहीतर काय होतं तुम्ही पाहिलंयच: मुलं वायर जोडतात आणि मुली तक्त्याला चमकी लावतात.

रामन विज्ञान केंद्रात मुलांना न्याल तेव्हा सगळी दालनं एका दिवसात पळवू नका. एका टोळीला एकच वस्तू द्या आणि परत येऊन तिची नक्कल खोक्याच्या पुठ्ठ्यातून करायला सांगा. महापालिकेच्या शाळांतली मुलं अपूर्व विज्ञान मेळाव्यात साध्या साहित्यातून प्रयोग मांडतात, तिथे तर आधी तुम्ही एकट्या जा आणि मांडणाऱ्या मुलांशी बोला. त्यांच्या घरची परिस्थिती तुमच्या वर्गापेक्षा फार वेगळी नसते. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानकसारख्या योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांच्या कल्पना पाठवता येतात, निवड झाली तर मुलाच्या खात्यात दहा हजार येतात. पण हे दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी बक्षिसाचं नाव काढलं की तयार प्रोजेक्ट विकणाऱ्या दुकानापुढे पालकांची रांग लागते.

आणि संत्र्यांचं. फेब्रुवारीत मृग बहार बाजारात असतो, घासाघीस केली तर स्वस्त मिळतील. डागी घेतली तरी चालतात. खिळा रोवलेलं संत्रं खायचं नाही, त्यात जस्त उतरलेलं असतं. हे खिळे वाटण्याआधी सांगा. मी नंतर सांगितलं होतं, तोवर दोन फोडी गेल्या होत्या.